दीड लाख बायांनी दिलेलं उत्तर

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर झालं. बीपी मोजायला रांग, साखर तपासायला त्याहून मोठी रांग. आतल्या खोलीत पडदा लावून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी ठेवली होती. तिथे मात्र दुपारपर्यंत चारच बाया गेल्या. बाहेर कट्ट्यावर बसलेल्यांना आम्ही विचारलं, काय झालं, का थांबलात? एक मावशी म्हणाल्या, "सिस्टर, व्हिनेगर लावून कुठं कॅन्सर कळतो व्हय? गरिबावर प्रयोग चाललाय तुमचा." बाकीच्या हसल्या, पण जागेवरून कुणी उठलं नाही.

त्या गर्दीत मावशींना नीट उत्तर देणं जमलं नाही. म्हणून या अंकात सविस्तर लिहितो आहोत. मावशींच्या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. व्हिनेगरने खरंच काही कळतं का? आणि गरिबांवर प्रयोग होतात का? दोन्हींची उत्तरं मुंबईच्या वस्त्यांमधूनच मिळालेली आहेत, आणि तीही आपल्यासारख्याच बायांकडून.

आधी आजार समजून घेऊ. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. डायबिटीस, बीपी यांच्यासारखाच हा सावकाश चालणारा आजार आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू त्याच्या मुळाशी असतो. तो शरीरसंबंधातून येतो, आणि संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. त्यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच भीतीने कितीतरी बाया तपासणीला येत नाहीत. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींच्या अंगात तो ठाण मांडतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात आणि त्यातून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्ही असेल तर हा काळ बराच कमी होतो. या सगळ्या वर्षांत दुखत नाही, खुपत नाही. बाई चार घरची धुणीभांडी करते, मुलांची लग्नं करते आणि तिला काही कळतही नाही. आम्ही वॉर्डात ड्युटी करायचो तेव्हा बाया यायच्या त्या अंगावरून लाल जायला लागून सहा महिने उलटल्यावर. तोवर आजार आजूबाजूला पसरलेला असायचा. केसपेपरवर तिसरी स्टेज लिहिली जायची, आणि बाईचं वय असायचं बेचाळीस, पंचेचाळीस.

पंधरा वर्षं म्हणजे पकडायला भरपूर वेळ. श्रीमंत देशांनी हा वेळ पॅप स्मीअर या तपासणीने वापरला. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिथे या कॅन्सरने मरणाऱ्या बाया खूप कमी झाल्या. पण त्यासाठी प्रयोगशाळा लागते, काच वाचणारे तज्ज्ञ डॉक्टर लागतात, आणि रिपोर्ट आल्यावर बाईला पुन्हा बोलवावं लागतं. आपल्याकडे गावोगाव, वस्तीवस्तीत ही व्यवस्था कधी उभीच राहिली नाही.

इथे व्हिनेगर कामाला येतं. जेवणातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक ॲसिड, तीन ते पाच टक्क्यांचं, कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी, टॉर्चच्या उजेडात. प्रयोगशाळा नको, रिपोर्टसाठी आठवडाभर थांबणं नको, निकाल तिथल्या तिथे. वैद्यकात याला व्हीआयए म्हणतात.

युक्ती सोपी आहे. पण तिने मरण खरंच टळतं का, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. ते मोजावं लागतं. ते मोजायला पैसा कोण देणार? औषध कंपनी नव्या गोळीवर कोट्यवधी खर्च करते, कारण गोळी विकून ती पैसे परत मिळवते. व्हिनेगरवर कुणाचं पेटंट नाही, त्यात कुणाचा धंदा नाही. असा प्रश्न सोडवायचा तर लोकांच्या कराचा पैसाच लागतो. कमी मीठ, रोजचं चालणं, तंबाखू सोडवणं, जुन्या स्वस्त गोळ्या अशा सगळ्याच गोष्टींचं तसं आहे. ज्यातून विकायला काही निघत नाही, ते संशोधन सरकारनेच करायचं असतं.

हा पैसा दोन ठिकाणांहून आला. मुंबईतलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल नावाने टाटांचं असलं तरी १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आणि या अभ्यासासाठी अनुदान दिलं ते अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. इंद्रनील मित्रा यांच्यासारख्या टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये काम सुरू केलं. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचे २० गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या. कुठल्या १० गटांत तपासणी करायची आणि कुठल्या १० गटांत नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. म्हणजे चांगल्या वस्त्या निवडल्या असं कुणी म्हणू शकणार नाही.

तपासणी डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी ती केली. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन ड्युटीवर गेलो तेव्हा "तुमचं काम फक्त डॉक्टर सांगतील ते" हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकलं आहे. या बाया दर दोन वर्षांनी वस्तीत जायच्या, घरोघरी सांगायच्या, बायांना एकत्र आणायच्या. व्हिनेगर लावून पिशवीचं तोंड बघायच्या आणि हाताने स्तनांची तपासणी करायच्या. अशा चार फेऱ्या झाल्या. पांढरा डाग दिसला की बाईला टाटात पाठवायचं, तिथे पुढची तपासणी आणि उपचार. तपासणी नसलेल्या गटांत सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती सांगितली, लक्षणं सांगितली, आणि पुढे बारा वर्षं दोन्हीकडे किती बाया या कॅन्सरने गेल्या याची नोंद ठेवली.

निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जिथे शंभर बाया गेल्या असत्या तिथे एकोणसत्तर गेल्या. कॅन्सर झालेल्या बायांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. फरक पडला तो कॅन्सर कधी सापडला यात. तपासणीच्या गटात तो लवकर सापडला, म्हणून बाया वाचल्या. ही तपासणी देशभर झाली तर भारतात वर्षाला सुमारे २२,००० मृत्यू टळू शकतील, असा संशोधकांनी हिशेब मांडला.

स्तनांच्या तपासणीचा निकाल यायला आणखी वेळ लागला, तो २०२१ मध्ये छापून आला. त्याचं उत्तर इतकं सरळ नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि सगळ्या वयाच्या बाया एकत्र धरल्या तर दिसलेली घट ठामपणे सांगण्याइतकी पक्की नव्हती. संशोधकांनी हे जसंच्या तसं छापलं. विकायला बसलेल्या माणसाने फक्त तीस टक्क्यांचा आकडा सांगितला असता.

तर मावशींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: हो, व्हिनेगर चालतं. तो प्रयोग होऊन गेला. विहारात पडद्यामागे जे चाललं होतं तो प्रयोग नव्हता, ते त्या प्रयोगातून निघालेलं फळ होतं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही हसून बगल देणार नाही.

ज्या १० गटांत तपासणी झाली नाही, तिथेही आपल्याच बाया होत्या. त्यातल्या काही या कॅन्सरने गेल्या. तपासणीच्या गटात असत्या तर त्यातल्या काही आज नातवंडं खेळवत असत्या. यावर डॉक्टरांमध्येच मोठा वाद झाला. एरिक सूबा या अमेरिकन डॉक्टरांनी आणि आपल्याकडच्या वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारलं, की पॅप स्मीअरने मरण टळतं हे जगाला आधीच माहीत असताना हजारो बायांना इतकी वर्षं बिनतपासणीचं ठेवून मृत्यू मोजत राहणं योग्य होतं का? अमेरिकेच्या पैशावर अमेरिकन बाईच्या बाबतीत असं केलं असतं का? अशी तपासणी जगात आहे हे त्या बायांना स्पष्ट सांगितलं होतं का? संशोधकांची बाजू अशी, की भारतात तेव्हा कुठल्याच सरकारी दवाखान्यात अशा बायांना नियमित तपासणी मिळत नव्हती. या अभ्यासाने त्यांचं काही काढून घेतलं नाही, आणि तुलनेशिवाय सरकारांना पटवता आलं नसतं. निकाल आल्यावर तुलनेच्या गटातल्या बायांनाही तपासणी द्यायची, असं त्यांनी जाहीर केलं.

आमचं मत विचाराल तर, तुलना लागते हे आम्हाला पटतं. "इथे काही मिळत नव्हतंच, मग आम्हीही दिलं नाही तर काय बिघडलं" हे पटत नाही. झोपडपट्टीतल्या बाईला काही मिळत नाही, ही काही निसर्गाची गोष्ट नाही. कुणीतरी ते दिलेलं नाही. तिच्या वंचितपणाचाच अभ्यासाला उपयोग झाला, हे मान्य करायला हवं, आणि मान्य केलं की तिचं देणं किती मोठं आहे तेही दिसतं.

सरकारी पैसा म्हणजे आपोआप न्याय, असंही नाही. अमेरिकेत टस्कीगी या गावाजवळ सरकारच्याच आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही. पेनिसिलीनने तो बरा होतो हे कळल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आजार शेवटपर्यंत कसा जातो ते बघत बसले. हे उघडकीला आल्यावर अमेरिकेत संशोधनाचे कायदे कडक झाले. आपल्याकडे २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. त्या काळात सात मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही, असं चौकशी समितीने सांगितलं. पण संमती अशी घेतली हे खरं निघालं आणि संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. आजही आम्ही आपल्या मुलींना ती द्या असंच सांगतो. पण त्या एका चुकीने लोकांच्या मनात लसीबद्दलच भीती बसली आणि ती काढायला आम्हाला अजून घरोघरी जावं लागतं.

म्हणून आपल्या वस्तीत कुणी अभ्यास घेऊन आलं तर दार लावून घेऊ नका आणि आंधळेपणाने सहीही करू नका. विचारा: ही नेहमीची तपासणी आहे की संशोधन? पैसा कुणाचा? मी कुठल्या गटात असेन आणि त्या गटाला काय मिळणार नाही? मला काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? माहितीचा कागद मराठीत मागा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. त्यावर नीती समितीचा फोन नंबर असायला हवा. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार समोर असावा लागतो. नाही म्हणण्याचा आणि मधेच सोडून जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार कुणी थांबवू शकत नाही. "सही करा, मग गोळ्या मिळतील" असं कुणी म्हणालं तर आम्हाला निरोप द्या.

पण आज आपल्या वस्तीतली खरी चीड आणणारी गोष्ट प्रयोगाची नाहीच. प्रयोग झाला, उत्तर मिळालं आणि ते उत्तर आपल्यापर्यंत पोचलं नाही, ही आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलं की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची व्हीआयए तपासणी दर पाच वर्षांनी सरकारी केंद्रात व्हावी, सोबत तोंडाची आणि स्तनांचीही. कागद उत्तम आहे. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशभरात अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती निघाल्या? १.९ टक्के. शंभरात धड दोनही नाहीत. ज्या बायांच्या जिवावर जगाला उत्तर मिळालं, त्यांच्या लेकीसुनाही यातल्याच.

आणि जिथे सरकारी तपासणी पोचत नाही तिथे भीतीचा बाजार पोचतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं ते सगळ्यांना आठवत असेल. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून गेलेल्या कितीतरी बायांना खासगी दवाखान्यात "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं. मुकादमाची उचल डोक्यावर, पाळीत सुट्टी नाही, त्यात कॅन्सरचं नाव. बाई कर्ज काढून ऑपरेशन करते. एक मिनिटाची व्हिनेगरची तपासणी जवळच्या केंद्रात असती तर पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साधं इन्फेक्शन असतं, औषधाने जातं, हे तिला कळलं असतं.

आता तपासणीला जायचं तर काय करायचं ते सांगतो. पाळीचे दिवस सोडून जा. आदल्या दोन दिवसांत आत औषध लावू नका आणि संबंध टाळा. लघवी करून मग झोपा. सिस्टर आत एक लहान यंत्र घालतात, थोडं गार लागतं, दडपण वाटतं. बोळा लावल्यावर किंचित झोंबतं. पाच मिनिटांत उठून घरी जाता येतं. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर करा. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्यांना व्हिनेगरने नीट दिसत नाही, कारण बदल होतो ती जागा आत सरकते. त्यांनी एचपीव्हीची तपासणी किंवा पॅप स्मीअर कुठे होते ते विचारावं. एचपीव्हीची तपासणी सगळ्यांसाठीच जास्त भरवशाची आहे आणि जागतिक आरोग्य संघटना आता तीच आधी करा म्हणते, पण ती आपल्या केंद्रांत येईपर्यंत व्हिनेगर सोडू नका.

पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींना कॅन्सर नसतोच. दुर्बिणीने बघतात, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवतात. पेशी नुसत्या बदललेल्या असतील तर तेवढा भाग गारव्याने किंवा उष्णतेने जाळतात, त्याच दिवशी घरी सोडतात, पिशवी काढावी लागत नाही. आमची विनंती एवढीच, की डाग दिसल्यावर पुढच्या तारखेला जा. नवऱ्याची सुट्टी, पोरांची परीक्षा, मालकिणीचा खाडा यात ती तारीख हरवते, आणि तपासणी करूनही बाई जाते. आणि संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसत असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट बघू नका, थेट सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगाच्या ओपीडीला जा.

त्या शिबिराच्या दिवशी चारनंतर मावशी स्वतःच पडद्यामागे आल्या. प्रश्न संपले नव्हते. "ज्यांना नाही दिलं त्या बाया कोणत्या वस्तीच्या व्हत्या?" असं टेबलावर झोपूनच विचारत होत्या. गटांची नावं आमच्याकडे नव्हती, तसं त्यांना सांगितलं. त्यांची तपासणी साफ निघाली. जाताना सुनेला घेऊन येते म्हणाल्या आणि आल्याही.

पुढचं शिबिर होईपर्यंत थांबायची गरज नाही. आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जाऊन आशाताईंना किंवा सिस्टरना विचारा की व्हीआयए कुठल्या वारी असते. "आमच्याकडे होत नाही" असं उत्तर मिळालं तर भांडू नका. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, ३० ते ६५ वयाच्या आम्हा इतक्या बायांना तपासणी हवी आहे, ती कधी आणि कुठे मिळेल ते लेखी कळवावं. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख मारून घ्या. ती प्रत विहारात आमच्याकडे आणून द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही तर आपण सगळ्या मिळून जाऊ.